दुरुस्ती

१/ गेल्या महिन्यात याच मालिकेत घरगुती वस्तूंच्या इतिहासाविषयी लिहिताना मी आमच्या गिरगावातील घरातल्या एका खुर्चीचे छायाचित्र दिले होते. त्याखाली लिहिले होते : ‘थोनेट कंपनीची अस्सल चौदा क्रमांकाची खुर्ची, व्हिएन्नाहून थेट मुंबईत.’ या ओळीतील ‘अस्सल’ हा शब्द चूक होता, आणि ‘थोनेट’ व ‘थेट’ या शब्दांना माझ्यापाशी कोणताही पुरावा नव्हता. आजचा धागा ही त्या विधानाची दुरुस्ती आहे. ती दोन ओळींत आटोपता आली असती. परंतु चूक कशी झाली हे सांगायचे, तर खुर्चीचा इतिहास सांगावा लागतो. आणि तो माझ्या त्या ओळीपेक्षा पुष्कळ मोठा निघाला.

२/ प्रथम खुर्चीची ओळख. नाव ठाऊक नसले, तरी ती बहुतेकांनी पाहिलेली असते. गोल बैठक, काळपट तपकिरी पॉलिश, पाठीला एकात एक अशा दोन कमानी, आणि हात लावावा तिथे गोलाई. मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांत संगमरवरी टेबलांभोवती ती, किंवा तिची भावंडे, आजही दिसतात. पाठीच्या बाहेरच्या कमानीची दोन टोके बैठकीच्या खाली उतरतात आणि तीच मागचे पाय होतात. म्हणजे पाठ आणि मागचे पाय मिळून लाकडाचा एकच अखंड दांडा असतो. एवढे लक्षात ठेवावे; पुढे उपयोगी पडेल.

३/ या खुर्चीचा कर्ता मिखाएल थोनेट. जन्म १७९६, ऱ्हाइनकाठच्या बोपार्ड गावी. व्यवसाय सुताराचा. त्या काळी खुर्चीचा वक्र भाग करायचा, तर तो जाड लाकडातून कापून काढत. त्यात लाकूड वाया जाई, आणि वक्रावर लाकडाच्या रेषा तुटत असल्यामुळे खुर्ची मोडायची तर तिथेच मोडे. थोनेटने १८३० च्या दशकात वेगळी वाट धरली. लाकडाच्या पातळ पट्ट्या सरसात उकळायच्या, साच्यात एकावर एक दाबून वाकवायच्या आणि तशाच वाळू द्यायच्या. रेषा वक्राबरोबर वळू लागल्या. खुर्ची हलकी झाली आणि तरीही टिकली.

४/ १८४१ साली कोब्लेंझच्या प्रदर्शनात ऑस्ट्रियाचा चान्सलर मेटर्निख याने हे काम पाहिले आणि थोनेटला व्हिएन्नाला बोलावले. इतिहासाचे विद्यार्थी मेटर्निखला ओळखतात ते युरोपातील जुनी राजसत्ता टिकवण्यासाठी झटणारा मुत्सद्दी म्हणून. त्याने आश्रय दिलेल्या सुताराची खुर्ची पुढे सामान्यांच्या चहा-कॉफीच्या टेबलापाशी जाऊन बसली, ही गंमत नोंदवण्याजोगी आहे. १८४८ च्या क्रांतीत मेटर्निखला व्हिएन्नाहून पळावे लागले. थोनेट तिथेच राहिला. १८५० च्या सुमारास शहरातील ‘काफे डाउम’ने त्याच्याकडून खुर्च्या करून घेतल्या. या वळणदार खुर्चीचे आणि उपाहारगृहाचे नाते तेव्हापासूनचे.

५/ सरसाने चिकटवलेल्या लाकडाला एक शत्रू होता, तो म्हणजे दमट हवा. समुद्रापार पाठवलेल्या खुर्च्यांचे पदर सुटू लागले. म्हणून थोनेटने सरस टाकून देऊन भरीव लाकूडच वाकवायचे ठरवले. यात अडचण कोणती, हे ऊस वाकवून पाहिल्यास कळेल. आतली बाजू दबते, बाहेरची ताणली जाते, आणि साल फाटते ती बाहेरच्या बाजूला. लाकडाचे तसेच आहे. वाफवल्यावर ते दाब पुष्कळ सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही.

६/ थोनेटची युक्ती ऐकायला अगदी साधी वाटते. वाफवलेल्या दांड्याच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी पट्टी लावायची आणि तिची दोन्ही टोके घट्ट आवळायची. पट्टी लांबत नाही, म्हणून तिच्यालगतचे लाकूडही ताणले जात नाही. वाकवण्याचा सगळा भार दाबाच्या रूपाने आतल्या बाजूकडे जातो, आणि दाब लाकडाला सोसतो. मग तो दांडा पट्टीसकट लोखंडी साच्यात अडकवून वाळवायचा. १८५३ पासून धंदा थोनेटच्या पाच मुलांच्या नावे होता. १८५६ साली त्यांना भरीव लाकूड वाकवण्याचा एकाधिकार मिळाला.

७/ १८५७ साली मोराविया प्रांतातील कोरिचानी येथे त्यांनी कारखाना उभारला. भोवती बीच वृक्षाची जंगले होती. बीचचे लाकूड वाफेवर चांगले वाकते. कामाची वाटणी ठरलेली होती. लाकूड वाकवण्याचे काम पुरुषांचे, आणि घासणे, पॉलिश, वेत विणणे व खोक्यात भरणे ही कामे बव्हंशी आसपासच्या खेड्यांतील स्त्रियांची. आपल्याकडेही कचेऱ्यांतील वेताच्या खुर्च्या विणण्याचे काम वर्षानुवर्षे अंध कारागिरांनी केले. त्या स्त्रियांची किंवा या कारागिरांची नावे खुर्चीवर कुठेही नसतात. हेही लक्षात ठेवावे.

८/ १८५९ साली चौदा क्रमांकाचा नमुना आला. १८६० च्या दशकात स्थिरावलेल्या त्याच्या रूपात लाकडाचे भाग सहाच : पाठ आणि मागचे पाय मिळून एक कमान, तिच्या आतली छोटी कमान, बैठकीचे कडे, पुढचे दोन पाय, आणि चारही पायांना आतून धरून ठेवणारे खालचे कडे. ते जोडायला १० स्क्रू आणि २ नट. सरसाचा सांधा नाही, खाचा नाहीत. सुटे भाग रचले, तर एक घनमीटरच्या खोक्यात ३६ खुर्च्या मावत. खुर्ची पोहोचेल तिथे कुणीही स्क्रू आवळावेत आणि बसावे.

९/ अशा खुर्चीला प्रवास सोपा होता, आणि नेमक्या त्याच काळात वाटाही उघडत होत्या. कोरिचानीचा कारखाना निघाला त्याच १८५७ साली व्हिएन्ना ते त्रिएस्ते बंदर हा लोहमार्ग पूर्ण झाला. १८६९ साली सुएझ कालवा खुला झाला, आणि त्रिएस्तेहून निघणाऱ्या ऑस्ट्रियन कंपनीच्या आगबोटी पुढे थेट मुंबईला येऊ लागल्या. त्याच १८६९ मध्ये थोनेटचा एकाधिकारही संपला. याकोब आणि योसेफ कोन यांच्यासारखे प्रतिस्पर्धी तीच खुर्ची करू लागले. मागोमाग आणखी कारखाने आले. १९३० पर्यंत या एका नमुन्याच्या सुमारे ५ कोटी खुर्च्या विकल्या गेल्या असे मानले जाते. १९२५ साली ल कोर्ब्युझिए याने पॅरिसच्या प्रदर्शनातील आपल्या दालनात नवे फर्निचर न घडवता थोनेटच्याच हातांच्या खुर्च्या मांडल्या. सुताराची वस्तू तोवर अभिजात ठरली होती.

१०/ आता मुंबई. यझ्द आणि केरमानकडून आलेल्या इराण्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी शहराच्या नाक्यानाक्यांवर हॉटेले थाटली. त्यांना हवी होती हलकी, स्वस्त, भरपूर गिऱ्हाइके सोसणारी आणि मुंबईच्या घामात पाठीला वारा लागू देणारी खुर्ची. जुन्या इराणी हॉटेलांत ‘या खुर्च्या कुठल्या?’ असे विचारावे, तर तीन उत्तरे ऐकू येतात : ऑस्ट्रियाच्या, चेकोस्लोव्हाकियाच्या, पोलंडच्या. पूर्वी मला वाटे, यांतील दोन उत्तरे चूक असणार. परंतु कोरिचानी १९१८ पर्यंत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होते, त्यानंतर चेकोस्लोव्हाकियात. आणि थोनेटचाच एक कारखाना आज पोलंडमध्ये असलेल्या रादोम्स्को येथे होता. कारखाने जागच्या जागी राहिले आणि सीमा त्यांच्यावरून सरकत गेल्या. तिन्ही उत्तरे आपापल्या जागी खरी असू शकतात.

११/ आमच्या घरची कथा अशी. गिरगावात घराजवळचे एक इराणी हॉटेल बंद पडले, तेव्हा सामानाची विक्री झाली आणि आजोबांनी ही खुर्ची आणली. ‘व्हिएन्नाची खुर्ची’ हेच तिचे घरातले नाव. आजोबा तिच्यावर बसून दाढी करीत, वर्तमानपत्र वाचीत आणि दिवाळीत तिच्यावर उभे राहून कंदील लावीत. इतिहासात एम. ए. करायला लागल्यावर मी थोनेटविषयी वाचले, चित्रे पाहिली, आणि आमच्या खुर्चीची पाठ त्या चित्रांशी ताडून पाहिली. ती जुळली. मला तेवढे पुरले. वर्गात ज्याला घाईचा निष्कर्ष म्हणतात, तो मी घरात बिनदिक्कत काढला आणि तुमच्यासमोर मांडला.

१२/ याचे परिणाम झाले. आमची चाळ पुनर्विकासाला गेली आहे. मधल्या काळासाठी मिळालेले घर लहान आहे, त्यामुळे सामान कमी करणे भाग होते. काकांनी माझी ती पोस्ट जुन्या फर्निचरच्या एका व्यापाऱ्याला दाखवली. त्याने सांगितलेली किंमत आमच्या घरात आजवर कोणत्याही लाकडी वस्तूला आली नव्हती. स्थलांतराचा खर्च तिच्यातून निघेल, असा हिशेब काकांनी मांडला. व्यापाऱ्याने एकच मागणी केली : बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूचे छायाचित्र. कारण या खुर्च्यांवर कारखान्याचे नाव असते ते तिथेच, डागलेल्या ठशात किंवा चिकटवलेल्या कागदी चिठ्ठीवर.

१३/ मी खुर्ची उलटी करून टॉर्चच्या उजेडात पाहिली. पंचवीस वर्षे जिच्याभोवती वावरले, तिला खालून मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होते. ठसा नव्हता. चिठ्ठीही नव्हती, आणि चिठ्ठी निघून गेल्याची खूणही नव्हती. बैठक वेताची नव्हती, प्लायवूडची होती. ती तशी असल्याचे अर्थात मला ठाऊक होते; पण वेत जाऊन प्लायवूड आले असेल, असे धरून मी चालले होते. वेतासाठी कड्याच्या काठाने जी बारीक भोके असतात, ती या कड्याला कधी पाडलेलीच नव्हती.

१४/ मग मी लाकडाच्या रेषा पाहिल्या. हा भाग तुम्हालाही घरी करता येईल. वाफेवर वाकवलेल्या दांड्यात रेषा वळणाबरोबर वळत जातात, नदीकाठच्या वाटेसारख्या. कापून काढलेल्या वक्रात त्या सरळच राहतात आणि वळणाच्या काठावर येऊन तुटतात. आमच्या खुर्चीच्या दोन्ही कमानींत आणि पुढच्या पायांत रेषा वळणाबरोबर वळत होत्या. बैठकीच्या कड्यात मात्र त्या चार ठिकाणी तुटत होत्या, आणि प्रत्येक तुटीच्या मध्ये एक सांधा होता. म्हणजे ते कडे वाकवलेले नव्हतेच. चार तुकडे कापून, खुंट्या मारून जोडलेले होते. खालचे कडे तर खुर्चीला नव्हतेच. पायांवर त्याच्या स्क्रूंची भोके लांबी भरून बुजवलेली होती.

१५/ खात्रीसाठी मी खुर्ची आमच्या गल्लीतल्या सुताराकडे नेली. त्याने बैठकीचे कडे आतून किंचित खरवडले, भुसा नाकाशी धरला आणि म्हणाला, “हा सागवान. आपल्या इथलाच कुणीतरी केलाय. पाठ इंपोर्टेड आहे, ती वेगळी.” मग तो कड्यावरून बोट फिरवत राहिला. “चार तुकड्यांत गोल आणलाय बघा. मागून बसवलाय, पण पाठीच्या भोकांना भोकं जुळवून. मापात आहे अगदी. काम चांगलं आहे हां.” माझ्या मनात तोवर ‘फसवणूक’ हा शब्द येऊन गेला होता. त्याच्या मनात ‘काम चांगलं आहे’ हे वाक्य आले. आम्ही दोघेही एकाच सांध्याकडे पाहत होतो.

१६/ घरी आल्यावर मी आजीला सांगितले की बैठक मूळची नाही. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “नाहीच आहे मुळी. कडं पोखरलं होतं किड्यानं. तुझे आजोबा कंदील लावताना पडले ना तिच्यावरून, तेव्हा बदललं. मीच म्हटलं, टाकून देऊ. ते म्हणाले, पाठ चांगली आहे. खालचं कडंही तेव्हाच गेलं.” “आजी, हे तू मला सांगितलं का नाहीस?” “तू विचारलंस कुठे? तू पुस्तकात बघत होतीस.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती, खरे तेच ती सांगत होती. मौखिक साधनांवर मी एक आख्खा निबंध लिहिला आहे. या वस्तूचे जिवंत साधन दोन पावलांवर स्वयंपाकघरात होते, आणि मी त्याच्याकडे गेले नव्हते.

१७/ काकांना सांगणे अधिक अवघड होते. त्यांचा पहिला प्रश्न होता, “पाठ खरी आहे ना? मग त्याला पाठीचेच फोटो पाठव.” तसे केले असते तर त्यात खोटे काही नसते, केवळ अपुरे असते. पण अपुरे छायाचित्र आणि खात्रीचा शब्द हीच तर माझी पहिली चूक होती, आणि या वेळी ती पैसे घेऊन करायची होती. मी व्यापाऱ्याला कड्याची, सांध्यांची आणि बुजवलेल्या भोकांची छायाचित्रे पाठवली. त्याने सौजन्याने कळवले की दुरुस्त केलेला माल तो घेत नाही. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. स्थलांतराचा खर्च त्यांना इतर बचतीतून करावा लागला. हे मी हलके करून सांगत नाही. माझ्या एका शब्दावर त्यांनी हिशेब मांडला होता.

१८/ त्यानंतर मी स्वतःला विचारले, की ही खुर्ची आता कोणाची म्हणायची? कारखान्याचे नाव, असलेच तर, जुन्या कड्याच्या आत होते. ते कडे किड्याने खाल्ले आणि नाव त्याच्याबरोबर गेले. ती थोनेटची असू शकेल, कोन यांची असू शकेल, अन्य कारखान्याचीही असू शकेल. सहा भागांपैकी चार परदेशी बीचचे आहेत, एक गिरगावातील सागवानाचा आहे, एक नाही. तरीही खुर्ची उभी आहे, आणि ती उभी राहू शकली याचे कारण तिच्या मूळ रचनेतच आहे. प्रत्येक भाग स्क्रूने सुटतो. म्हणूनच, ज्याने वाफेची भट्टी कधी पाहिली नाही असा एक सुतार दुखावलेला भाग काढून, हाताशी असलेल्या पटाशीने आणि रंध्याने नवा करून, त्याच्या जागी बसवू शकला. खाचांच्या आणि सरसाच्या सांध्यांची खुर्ची असती, तर आजीचे म्हणणे मानून ती टाकावी लागली असती.

१९/ ‘अभिजात’ वस्तूंची पुस्तके आपल्याला एक नाव आणि एक साल देतात : थोनेट, १८५९. ती माहिती खरी आहे आणि हवीच. परंतु त्या सालानंतर वस्तूला पुष्कळ हात लागतात. मोरावियात वेत विणणारी बाई, त्रिएस्तेच्या गोदीवर खोकी उचलणारा हमाल, स्क्रू आवळणारा इराणी, पोखरलेले कडे बदलणारा सुतार, आणि ‘पाठ चांगली आहे’ म्हणून हट्ट धरणारे माझे आजोबा. ‘अस्सल’ हा शब्द लिहून मी या सगळ्यांना एका फटक्यात पुसून टाकले होते. व्यापाऱ्याला दुरुस्ती हा दोष वाटणे स्वाभाविक आहे. त्याचा तो धंदा आहे. इतिहासाच्या विद्यार्थिनीला मात्र ती नोंद वाटायला हवी होती.

२०/ तुमच्या घरी अशी खुर्ची असेल, तर चार गोष्टी कराव्यात. बैठकीच्या कड्याच्या आतून ठसा किंवा चिठ्ठी पाहावी. रेषा वळतात की तुटतात ते पाहावे. वेताची भोके, बुजवलेली भोके, न जुळणारे स्क्रू यांची नोंद करावी. आणि या तिन्हींच्या आधी घरातील सर्वांत वयस्क माणसाला विचारावे. ठसा सापडला तर आनंदच आहे. सापडला नाही, तर वस्तूचा इतिहास संपला असे समजू नये.

२१/ खुर्ची आमच्याबरोबर नव्या खोलीत आली आहे. जागा नाही म्हणून ती दाराशी ठेवली आहे, आणि चप्पल घालताना आजी तिच्यावर बसते. परवा काकाही बसले, उठताना त्यांनी कड्याखाली हात घालून सांधा चाचपला, आणि काही बोलले नाहीत. छायाचित्राखालील ओळ मी आज बदलली आहे. नवी ओळ अशी : ‘वाफेवर वाकवलेल्या बीच लाकडाची खुर्ची, चौदा क्रमांकाच्या धर्तीची. कारखाना अज्ञात, मध्य युरोप. बैठक सागवानी, गिरगावात बदललेली. सुताराचे नाव आजीला आठवत नाही. मी पुन्हा विचारणार आहे.’